सरहद्दीपलीकडची माणसे
(औरंगाबाद येथे गिरणी कामगारांच्या सभेत केलेले भाषण)



आजच्या सभेचा विषय मेक्सिकोतल्या गोरगरिबांवर तिथल्या सरकारने चालवलेल्या दडपशाहीचा आहे, हे कळल्यावर आपल्यातलेच काहीजण म्हणाले, "मेक्सिको कोणत्या तालुक्यात येतो?" थट्टा आहे, पण थट्टेत सवाल खरा आहे. आमची ग्रॅच्युइटी अडकलेली, गिरणीला टाळे, बदलीवाल्याला पाळी नाही, पोराला काम नाही, आणि तुम्ही सात समुद्रापलीकडच्या माणसांचं दुःख आमच्या गळ्यात कशाला बांधता? असा हा सवाल आहे. त्याला गोड शब्दांनी उत्तर देऊन भागणार नाही. कामगाराला हिशेब लागतो. मी हिशेबच मांडणार आहे.

पहिली गोष्ट सांगतो. हा सवाल मुंबईवाल्याने विचारला असता तर मला नवल वाटले नसते. पण मराठवाड्यातल्या माणसाने तो विचारावा? अहो, आपण सरहद्दीपलीकडच्या माणसांच्या मदतीने सुटलेले लोक आहोत. आज आपण ज्याला छत्रपती संभाजीनगर म्हणतो ते हे औरंगाबाद १९४८ पर्यंत निझामाच्या राज्यात होते. अहमदनगरच्या वाटेला लागले की कायगाव टोक्याला गोदावरी आडवी येते. त्या पाण्याच्या अलीकडे निझाम, पलीकडे इंग्रजांचा मुलूख. दोन्ही काठांवर तीच मराठी, तीच ज्वारीची भाकर, तीच एकादशी. पण पलीकडचा माणूस सभा भरवू शकत होता, अलीकडच्याला सभा भरवायची तर आधी सरकारची परवानगी. गश्ती निशाण ५३ हे नाव तुमच्या आज्याने ऐकलेले असेल. १९२९ सालचे ते फर्मान. सभा बंद, भाषण बंद, मेळा बंद, मंजुरी असेल तरच तोंड उघडायचे. शाळेत मोठे शिक्षण उर्दूतून. शेतकऱ्याच्या घरी बोलायची भाषा एक, कचेरीत त्याच्या जमिनीचा कागद लिहिला जाई तो दुसऱ्याच भाषेत. उर्दू काही वाईट भाषा नव्हे. या शहरात वली आणि सिराजसारखे शायर तिच्यात होऊन गेले. वाईट होती ती सक्ती. मराठी, तेलगू, कानडी बोलणाऱ्या कोट्यवधी रयतेच्या डोक्यावर एकच भाषा बसवायची, आणि तीही रयतेला विचारून नव्हे, ही ती सक्ती.

मग १९३८ साल आले. इथल्या इंटरमीजिएट कॉलेजातल्या मुलांनी वसतिगृहात वंदे मातरम् म्हटले. तेवढाच गुन्हा. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठापर्यंत ती ठिणगी गेली आणि शेकडो मुलांची नावे कॉलेजातून काढून टाकली. गरिबाच्या घरचा पोरगा, बापाने कर्ज काढून शिकवलेला, त्याचे नाव काढले म्हणजे काय झाले ते तुम्हाला सांगायला नको. त्या मुलांना कोणी आसरा दिला? नागपूर विद्यापीठाने. मध्य प्रांतातल्या लोकांना निझामाशी काय घेणेदेणे होते? पण त्यांनी दार उघडले आणि ही मुले सरहद्द ओलांडून शिकायला गेली. उस्मानियातून काढलेला पी. व्ही. नरसिंह राव नावाचा एक मुलगा अशाच रीतीने राज्याबाहेर शिकला आणि पुढे देशाचा पंतप्रधान झाला.

तसेच वर्तमानपत्राचे. आ. कृ. वाघमारे यांचे 'मराठवाडा' पत्र निझामाच्या हद्दीत जप्त होई, म्हणून ते हद्दीबाहेर छापून आत येई. एका नावावर बंदी आली की दुसऱ्या नावाने निघे. हे पत्र छापण्यात पलीकडच्या छापखानेवाल्याचा फायदा काय असेल? बहुधा काहीच नाही. उधारीच राहिली असेल. पण खिळे जुळवणाऱ्या त्या कामगाराच्या हातून आपला आवाज बाहेर पडला.

आता १९४७. १५ ऑगस्टला सारा देश सुटला, आपण नाही सुटलो. स्वामी रामानंद तीर्थांना तुरुंगात टाकले. कासीम रझवी, लातूरचा वकील, त्याने रझाकार उभे केले. रझाकार म्हणजे काय, हे नीट ध्यानात घ्या, कारण पुढे मेक्सिकोत हाच प्राणी आपल्याला वेगळ्या टोपीत भेटणार आहे. तो सरकारी फौजेत नसतो, सरकारचे सगळे काम मात्र करतो. गावावर तो पडला की पोलीस दुसरीकडे बघतात. उद्या कोणी जाब विचारला की सरकार हात झटकून मोकळे: ती आमची माणसे नव्हेत!

तेव्हा गावेच्या गावे उठली आणि सरहद्दीकडे चालू लागली. कोणी गोदावरी ओलांडून नगरकडे, कोणी पैनगंगा ओलांडून उमरखेडकडे, कोणी बुलढाण्याकडे, कोणी बार्शी-सोलापूरकडे. मनमाडचे स्टेशन तर इथल्या माणसाला काशी झाले होते, कारण तिथे गाडीतून उतरले की निझामाची हद्द संपलेली. सरहद्दीच्या बाजूने कॅम्प उभे राहिले. त्या कॅम्पांतून तरुण पोरे रात्री आत यायची, करोडगिरीचे नाके उठवायची, शिंदीची झाडे तोडायची, कारण शिंदीच्या उत्पन्नावर सरकार पोसले जाई, आणि उजाडायच्या आत परत जायची. गोविंदभाई श्रॉफ, दिगंबरराव बिंदू, बाबासाहेब परांजपे ही नावे तुम्हाला पाठ आहेत. त्यांचे मोल मी कमी करत नाही. पण आज मला दुसऱ्याच माणसांची आठवण द्यायची आहे, ज्यांची नावे कुठल्याही फलकावर नाहीत. कॅम्पातल्या पोराला भाकरी कोणी बडवून दिली? निर्वासित बाईची बाळंतपणे कोणी केली? धान्याचे पोते कोणी सोडले? पलीकडच्या गावाने. ते गाव स्वतः काही तालेवार नव्हते. नुकतेच महायुद्ध संपलेले, रेशनचे धान्य, अंगावर कापड मिळायची मारामार. त्यातला घास काढून त्यांनी आपल्याला दिला.

आणि त्या वेळी दिल्लीचे सरकार काय करत होते? २९ नोव्हेंबर १९४७ ला दिल्लीने निझामाशी जैसे थे करार केला होता! सरकारांना अडचणी असतात. करार असतात, पत्रव्यवहार असतो, परराष्ट्र नीती असते. सरकारे 'जैसे थे' म्हणत होती, त्याच महिन्यांत नगर-सोलापूरची साधी माणसे अंधारात नदीवर हात पुढे करून उभी होती. सरकार काय करील याची वाट बघत ती बसली असती, तर रझाकारांना १९४८ चे सारे वर्ष मोकळे रान मिळाले असते.

एक गोष्ट इथे आवर्जून सांगतो, कारण चळवळीत पैशाचा विषय निघाला की आपली तोंडे वाकडी होतात. ३० जानेवारी १९४८ ला, ज्या दिवशी दिल्लीत गांधीजींचा खून झाला त्याच दिवशी, आपल्या लोकांनी नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची सरकारी बँक फोडली. लाखो रुपये हाती लागले. ते सरहद्दीपलीकडच्या कॅम्पांत गेले आणि लढ्याला लागले. पुढे त्या पैशाचा हिशेब सरकारला सादर झाला. फाटक्या कपड्यातल्या पोरांच्या हाती नोटांची पोती होती, तरी हिशेब लागला. आज लाखाच्या फंडाचा हिशेब मागितला तर पुढाऱ्याला राग येतो!

१३ सप्टेंबर १९४८ ला फौज आत आली, १७ ला निझाम शरण आला. तो दिवस आपण मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो. झेंडा लागतो, भाषणे होतात. पण या भाषणांत दोन गोष्टी सहसा नसतात, त्या मी बोलणार आहे. कोणाला कडू लागल्या तर लागोत.

पहिली गोष्ट शोएबुल्ला खान यांची. 'इमरोज' पत्राचा हा तरुण संपादक. मुसलमान. त्याने उघड लिहिले की हैदराबादने हिंदुस्थानात सामील व्हावे. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत रात्री घरी जाताना रझाकारांनी त्याला गाठून ठार केले, आणि ज्या हाताने लिहिले तो हात तोडला. मग सांगा, निझामशाही विरुद्ध रयत ही लढाई हिंदू विरुद्ध मुसलमान होती काय?

दुसरी गोष्ट याहून जड आहे. फौज आल्यावर रझाकार पळाले, आणि त्यांच्या पापाची फेड गावोगावच्या गरीब मुसलमानांकडून घेतली गेली. विणकर, मजूर, तांबोळी, ज्यांनी रझाकाराची टोपी कधी घातली नव्हती अशी माणसे मारली गेली, बायका विहिरीत पडल्या. दिल्लीने पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांची समिती पाठवली. ती गावोगाव हिंडली. तिने साऱ्या संस्थानातला मृतांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजारांचा दिला. सर्वांत जास्त झळ लागलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, आणि नांदेड ही आपली दोन नावे आहेत. तो अहवाल कित्येक दशके दाबून ठेवला गेला. दडपशाहीचा धनी बदलतो, दडपलेला माणूस तोच राहतो. जो आपल्यावरचा जुलूम तेवढा मोजतो आणि आपल्या नावाने झालेला जुलूम मोजत नाही, त्याने मेक्सिकोच्या नावाने ठराव करू नये. त्याचा ठराव कोण मानील? गिरणीत एका साच्यावर कासम आणि शेजारच्या साच्यावर काशिनाथ उभा राहतो, धोटा दोघांचा एकाच चालीने पळतो. म्हणून हे बोलायचे तर गिरणीच्या माणसानेच बोलावे.

आता गोवा. आपली सुटका झाली, पण गोव्याच्या मराठी आणि कोकणी माणसाची नव्हती झाली. सालाझारच्या राज्यात लग्नपत्रिका छापायची तरी सेन्सॉरचा शिक्का लागे. १८ जून १९४६ ला मडगावात राममनोहर लोहिया बोलायला उभे राहिले आणि पकडले गेले. त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा यांना लष्करी कोर्टापुढे उभे करून पोर्तुगालातल्या पेनिशच्या किल्ल्यात नेऊन डांबले. मग पुण्यात १९५४ साली गोवा विमोचन सहायक समिती झाली. केशवराव जेधे तिचे अध्यक्ष. काँग्रेसवाला, समाजवादी, कम्युनिस्ट, हिंदुसभावाला, जनसंघवाला, एरवी एका घोंगडीवर न बसणारी ही माणसे एका समितीत बसली. १८ मे १९५५ ला नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांची पहिली तुकडी हद्दीत शिरली. गोऱ्यांना दहा वर्षांची सजा झाली. मग तुकडीमागून तुकडी. १५ ऑगस्ट १९५५ ला हजारो माणसे निःशस्त्र, हातात झेंडा घेऊन आत गेली आणि पोर्तुगीजांनी गोळ्या घातल्या. वीसावर माणसे पडली. पत्रादेवीला जो पडला तो कर्नैलसिंग कुठला होता? पंजाबचा! झेंडा खाली पडू नये म्हणून पुढे होऊन जिने गोळ्या खाल्ल्या ती सहोदराबाई राय कुठली? मध्य प्रदेशातली सागरची. वाचली ती. त्यांची गोव्यात सोयरीक नव्हती, शेत नव्हते, भाषाही कळत नव्हती.

मुंबईने हरताळ पाळला, गिरण्या थांबल्या. आणि सरकारने काय केले? सरहद्द बंद केली, सामुदायिक सत्याग्रहाला मनाई केली. पुन्हा तेच! गोवा सुटला तो १९ डिसेंबर १९६१ ला, फौज गेल्यावर. पण मोहन रानडे सुटले का? सांगलीचा हा शाळामास्तर १९५५ मध्ये जखमी होऊन पकडला गेला, त्याला लिस्बनजवळच्या काशियसच्या तुरुंगात नेले. गोव्यात गुढ्या उभारल्या तेव्हा तो तिथेच होता. नेहरू गेले, शास्त्री गेले, तो तिथेच होता. सुधीर फडके, होय, गाणारे फडके, त्यांनी समिती काढली, दारोदार फिरले, आणि जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले. चौदा वर्षे होत आली होती. मुलूख सुटला म्हणजे माणूस सुटतो असे नाही. मागे राहिलेल्या एका माणसाचे नाव घेत राहायला लोकच लागतात.

आता आपल्या गिरणीकडे येतो.

गिरणी कामगाराला दुसऱ्यासाठी साचा बंद करायची जुनी खोड आहे. जुलै १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची सजा झाली आणि मुंबईच्या गिरण्या सहा दिवस बंद राहिल्या, वर्षाला एक दिवस. गोळ्या झाल्या. त्या मजुरांत किती जणांना 'केसरी' वाचता येत होता? २ ऑक्टोबर १९३९ ला नव्वद हजार कामगारांनी महायुद्धाविरुद्ध एक दिवसाचा संप केला. २२ फेब्रुवारी १९४६ ला बंडवाल्या खलाशांच्या बाजूने परळ-लालबाग रस्त्यावर उतरले. परळला गोळीबारात कमल दोंदे पडल्या. सोलापूरच्या गिरणी कामगारांनी १९३० साली लष्करी कायदा अंगावर घेतला, आणि १२ जानेवारी १९३१ ला चौघे फासावर गेले: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. नावे पुन्हा ऐका आणि जात-धर्म काय तो तुम्हीच लावा. संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांची यादी वाचा, त्यात गिरणगाव किती आहे ते दिसेल.

तर मग अशीच एक गिरणी मेक्सिकोत होती. रिओ ब्लांको तिचे नाव. ओरिसाबाजवळ, व्हेराक्रूझ प्रांतात. आपली औरंगाबाद मिल १८८९ सालची, ती १८९२ ची. जवळजवळ जुळी भावंडे म्हणा ना. मालक फ्रेंच, राजा असावा तसा पोर्फिरिओ दियाझ नावाचा हुकूमशहा गादीवर. तेरा-चौदा तासांचा दिवस. कापडात डाग पडला की दंड. राहायला खोली कंपनीची, दुकानही कंपनीच्या गोटातले. पगार व्हायच्या आधीच दुकानाच्या वहीत संपलेला. हे तुम्हाला ओळखीचे वाटते की नाही? आपल्याकडे पठाण दाराशी बसे, तिथे दुकानदार वहीत बसे.

१९०६ च्या अखेरीस तिकडे पुएब्ला आणि त्लास्कालाच्या गिरणी मालकांनी नवे नियम काढले. त्यांत एक कलम असे की, परवानगीवाचून खोलीवर पाहुणा आणायचा नाही, आणि मालकाला पसंत नसलेले वर्तमानपत्र वाचायचे नाही. पाहा, गश्ती निशाण ५३ मालकानेच काढले! तिथल्या कामगारांनी संप केला. रिओ ब्लांकोचे कामगार संपावर नव्हते, ते कामावर होते. पण ते आपल्या पगारातून पुएब्लाच्या संपवाल्यांना पैसे पाठवू लागले. मालकांना हे झोंबले. हा पैसा कसा तोडायचा? तर ऐन नाताळाच्या तोंडावर त्यांनी साऱ्या गिरण्यांना टाळे लावले. ज्याच्या हाती पगारच नाही तो दुसऱ्याला काय पाठवणार! दोस्तीचा पैसा मालकाला संपापेक्षा जास्त भिववतो, हे त्या टाळेबंदीने दाखवले.

दियाझने लवाद दिला, तो अर्थात मालकाच्या बाजूचा. ७ जानेवारी १९०७ ला भोंगा वाजला तेव्हा रिओ ब्लांकोची माणसे आत गेली नाहीत. बायका पुढे होत्या. त्यांना दुकानात उधार नाकारले, शिव्या दिल्या, आणि मग ते दुकान पेटले. फौज आली. किती मेले? आजही एक आकडा नाही. कोणी पन्नास-सत्तर धरतो, कोणी शेकड्यांनी मोजतो. कामगारांच्या मंडळाच्या पुढाऱ्यांना दुसऱ्या दिवशी त्या जळक्या दुकानासमोर नेऊन गोळ्या घातल्या. तीन वर्षांत मेक्सिकोत क्रांती झाली आणि १९१७ च्या त्यांच्या घटनेत, १२३ व्या कलमात, आठ तासांचा दिवस आणि संपाचा हक्क लिहिला गेला. आपल्याकडे कारखान्यात आठवड्याचे ४८ तास कायद्याने झाले ते १९४६ साली. हा हिशेब लिहून ठेवा.

त्या क्रांतीनंतरच्या मेक्सिकोत आपला एक माणूस राबत होता, हेही कानावर घालतो. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे. गदर पक्षाचा हा क्रांतिकारक, इंग्रज त्याला मायदेशी पाय ठेवू देईना. तो मेक्सिकोत गेला, चापिंगोच्या शेतकी शाळेत मास्तर झाला, मक्याच्या नव्या जाती काढल्या, आणि शेतकऱ्यांच्या पोरांसाठी फुकट शेतकी शाळा काढल्या. दिएगो रिव्हेरा या मोठ्या चित्रकाराने भिंतीवरच्या चित्रात त्यांना भाकरी वाटताना दाखवले आहे. देशोधडीला लागलेल्या मराठी माणसाला त्या लोकांनी जागा दिली, काम दिले, मान दिला. खानखोजे पुढे परत आले आणि १९६७ साली नागपुरात वारले. म्हणजे मेक्सिकोचे आपल्यावर काही देणे निघते, नाही का?

आता आजचे. चियापास हा त्यांचा दक्षिणेकडला डोंगराळ मुलूख. तिथली मूळची माणसे त्सोत्सिल, त्सेल्ताल अशा आपल्या भाषा बोलतात. कोर्ट, कचेरी, सावकार सगळे स्पॅनिशमध्ये. निझामाच्या कचेरीत उभा राहिलेला आपला कुणबी आठवा. १ जानेवारी १९९४ ला ती माणसे झापातिस्ता नावाने उठली. (आपल्याकडे त्याच पंधरवड्यात, १४ जानेवारीला, विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव लागले. त्यासाठी १९७८ पासून दलितांची किती घरे जळली तेही तुम्हाला ठाऊक आहे.) सरकारने फौज घातली, विमाने घातली. मग काय झाले? मेक्सिको शहरात, जिथल्या लोकांनी तो डोंगर पाहिलाही नव्हता, प्रचंड मोर्चा निघाला, आणि १२ जानेवारीला सरकारला बंदुका थांबवाव्या लागल्या. १९९६ मध्ये करार झाला की, त्यांची भाषा, त्यांची जमीन, त्यांचा कारभार मानू. करार कागदावरच राहिला, आणि डोंगरात रझाकार निघाले. २२ डिसेंबर १९९७ ला आक्तेआल या वाडीत, प्रार्थना आणि उपास करत बसलेल्या निःशस्त्र लोकांवर त्या टोळ्यांनी गोळ्या घातल्या. ४५ माणसे मेली. बहुतेक बायका आणि लेकरे. पोलिसांचे ठाणे जवळच होते. सरकार म्हणाले, ती आमची माणसे नव्हेत! मेक्सिकोच्या सरकारने आपली जबाबदारी कबूल केली ती २०२० साली.

त्या वाड्यांत मग परदेशातून साधी माणसे येऊन राहू लागली. बंदूक नाही, काही नाही. नुसते राहायचे, पाणी भरायचे, आणि फौजेची गाडी आली की वहीत लिहून घ्यायचे. शांततेच्या छावण्या म्हणत त्यांना. १९९८ मध्ये सरकारने अशा कित्येक परदेशी माणसांना पकडून देशाबाहेर घातले. नुसत्या बघणाऱ्याची एवढी भीती! उमरखेडच्या, बार्शीच्या कॅम्पाचा हाच प्रकार नव्हे काय?

आणि २६ सप्टेंबर २०१४. गेरेरो प्रांतात आयोत्सिनापा येथे गरीब शेतकऱ्यांच्या पोरांना खेड्यातले मास्तर बनवणारे विद्यालय आहे. तिथली ४३ मुले इग्वाला शहरात पोलिसांनी पकडली, गुंडांच्या हवाली केली, आणि ती दिसेनाशी झाली. सरकारने एक गोष्ट रचून सांगितली, ती खोटी ठरली. २०२२ मध्ये सरकारनेच नेमलेल्या आयोगाने तिला राज्यसंस्थेचा गुन्हा म्हटले. आजवर तिघांच्या अवशेषांची तेवढी ओळख पटली आहे. बाकीच्यांच्या आया वर्षानुवर्षे महिन्याच्या २६ तारखेला मुलांचे फोटो छातीशी धरून रस्त्यावर चालत आल्या. मेक्सिकोत बेपत्ता माणसांची सरकारी नोंद एक लाखाच्या वर गेली आहे.

कोणी म्हणेल, आधी बेळगावचे पाहा. बरोबर आहे, पाहायलाच हवे. १ जून १९८६ ला कानडी सक्तीविरुद्ध उठलेल्या बेळगावच्या मराठी माणसांवर गोळीबार झाला, नऊजण त्या लढ्यात गेले. आपल्याच मराठवाड्याला लागून बीदर-भालकीची माणसे अजून तिष्ठत आहेत. २००४ साली सुप्रीम कोर्टात दावा गेला, तारखा चालल्या आहेत. पण मला सांगा, बेळगावचे दुःख जगाने ऐकावे असे आपल्याला वाटते ना? मग आपण जगाचे ऐकले आहे का? माझा अनुभव असा की, जो गडी शेजारच्या गिरणीच्या संपाला चार आणे देतो तोच बेळगावच्या मोर्चालाही येतो. आणि जो म्हणतो, "आधी आपलं बघू," तो आपल्या सभेलाही येत नाही!

आपल्या हातून होणार किती, हेही साफ सांगतो. आपल्या ठरावाने मेक्सिकोची फौज मागे फिरणार नाही. तिथल्या कुठल्या आईला तिचा मुलगा त्यामुळे मिळणार नाही. आपल्याला त्यांची भाषा येत नाही, त्यांच्या राजकारणातले बारकावे कळत नाहीत, आणि इथे बसून त्यांना लढाई शिकवायचा शहाणपणा आपण करू नये. पण लिस्बनच्या कोठडीतल्या रानड्यांचे नाव इथे चौदा वर्षे घेतले गेले. तसे एक नाव, एक तारीख, इथे धरून ठेवणे आपल्याला जमण्यासारखे आहे.

म्हणून ठराव मांडतो. "संभाजीनगर येथे जमलेली गिरणी कामगारांची ही सभा आयोत्सिनापाच्या ४३ विद्यार्थ्यांच्या आईबापांना आणि चियापासच्या डोंगरातील जनतेला आपला भाईचारा कळवते. बेपत्ता मुलांचा पत्ता आणि दोषींची नावे उजेडात आणावीत, आणि मूळच्या लोकांच्या भाषेचा, जमिनीचा व कारभाराचा हक्क १९९६ च्या कराराप्रमाणे मान्य करावा, अशी मागणी ही सभा मेक्सिको सरकारकडे करते." ठराव मराठीतच राहील. त्याला स्पॅनिश तर्जुमा जोडून एक प्रत दिल्लीतल्या मेक्सिकोच्या वकिलातीला जाईल, एक त्या आईबापांना.

तर्जुमा, छपाई आणि टपाल यांना पैसे लागतील. डबा फिरेल. कोणी किती टाकले ते शेजाऱ्याने बघू नये. किती जमले आणि कुठे गेले ते मात्र पुढच्या सभेत उभे राहून विचारा. कागद तयार असेल. २६ तारखेला संध्याकाळी पाळी सुटल्यावर क्रांती चौकात ४३ नावे वाचायची आहेत. उच्चार अवघड आहेत, म्हणून यादी देवनागरीत लिहून घेतली आहे. ज्यांना वाचायचे आहे त्यांनी सभा संपल्यावर माझ्याकडून एकेक चिठ्ठी न्यावी. बायकांनीही न्यावी.

ठरावाला अनुमोदन कोण देतो ते अध्यक्षांनी विचारावे.